सतरा नंबरचा आलेख

सौम्याने ओव्हरहेड प्रोजेक्टरवरचा कागद सरळ केला, आणि वासंती नेहमीप्रमाणे त्यात चूक शोधू लागली.

पुण्याहून पीएचडीसाठी बंगळूरला येऊन वासंतीला पाच वर्षं झाली होती. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख वाचून संगणकाने बिघाड ओळखायचा, हा विषय आधी तिचा. तिचा प्रोग्रॅम अजून अडखळत होता, आणि इथल्याच, बंगळूरच्या जे. पी. नगरच्या या मुलीने मागाहून येऊन दोन वर्षांत प्रबंध संपवत आणला होता. वर स्वभावाने गोड. वासंतीला त्याचाच जास्त राग यायचा. खडूस असती, तर निदान चारचौघांत नावं तरी ठेवता आली असती.

"चाळीस निरोगी माणसांपैकी एकोणचाळीस बरोबर," सौम्या म्हणाली. "सतरा नंबरला मात्र बिघाड दाखवतो."

"म्हणजे धडधाकट माणसाला आजारी ठरवतो," वासंती लगेच म्हणाली. "इस्पितळात चालेल हे?"

दोघींच्या मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला. कारण सापडल्याशिवाय प्रबंध द्यायचा नाही, एवढंच म्हणाले. वासंतीला कितीतरी दिवसांनी चहा गोड लागला.

संध्याकाळी सौम्या तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"स्वल्प ऐका की अक्का. सगळ्यांसमोर बोलले नाही मी. सतरा नंबर तुमचा आहे."

निरोगी माणसं आणायची कुठून, म्हणून प्रयोगशाळेतले सगळे एकमेकांच्या छातीला तारा लावून आलेख देत. कागदावर नाव नसे, नुसता नंबर; कुणाचा कोणता, ती यादी सौम्याकडे. वासंतीनेही मार्चमध्ये दिला होता, तोही कपाळाला आठ्या घालून.

"तीनदा तपासलं. एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या की."

हिची चूक आणि माझ्या गळ्यात, असं म्हणत वासंती बंगळूरच्याच शिवाजीनगरमधल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दिवसभर छातीला यंत्र लावून ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लांबलचक पट्टी उलगडली आणि दोन ठिकाणी पेनाने गोल केले.

"मधूनच ठोका चुकतोय. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण वेळेवर आलात. कुणाच्या लक्षात आलं हे?"

वासंतीने पट्टी गुंडाळून पर्समध्ये टाकली.

"माझ्याच," ती म्हणाली.

ती प्रयोगशाळेत शिरली तेव्हा सौम्या खुर्चीवरून उठलीच.

"काय म्हणाले, अक्का?"

म्हणजे हिचा प्रोग्रॅम चाळीसपैकी चाळीस बरोबर, वासंतीच्या मनात आलं. तिने पर्स घट्ट धरली.

"काही नाही. अगदी नॉर्मल."

सौम्याने हुश्श केलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते.

"देव पावला. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. म्हणजे प्रोग्रॅमच चुकलाय माझा. सरी, ठीक आहे, सगळा पहिल्यापासून लिहिते."

आणि ती हसत हसत कामाला बसली.