माझ्यात बर्फ होत नाही

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे आणि आधीच सांगून ठेवतो, माझ्याकडे बर्फ मागू नका. पूर्वी होत असे. तेव्हा स्वयंपाकघरात माझा काय रुबाब होता! पाहुणा आला की आधी माझं दार उघडायचं. मग एका उन्हाळ्यात आतली थंडी चार अंशांवर अडकली ती अडकलीच. दूध नासत नव्हतं, पण बर्फही होत नव्हता. नवा फ्रीज आला आणि माझी रवानगी मागच्या शेडमध्ये, कुंड्या आणि खताच्या पोत्यांशेजारी झाली. फार वाईट वाटलं. रडायला डोळे नव्हते, खालून पाणी तेवढं गळायचं.

शेडमध्ये आमच्या घरच्या मावशींची रोपवाटिका होती. त्या अख्ख्या गल्लीच्या मावशी. त्यांच्याकडे एका पाकिटात चिमूटभर बी उरलं होतं, निळ्या तुऱ्यांच्या लार्कस्परचं. त्यांच्या आईने ही फुलं जन्मभर दारात लावली होती. आई गेल्यावर मावशींनी दोनदा बी पेरलं, पण एक कोंब वर येईल तर शपथ. आता हे शेवटचं. हे गेलं की आईची फुलं संपली.

आईच्या अंगणात कडाक्याची थंडी पडायची. इथे हिवाळा नुसता डोकावून जातो आणि थंडी खाल्ल्याशिवाय हे बी काही जागं होत नाही. म्हणून मावशींनी ते ओलसर वाळूत मिसळलं, डब्यात भरलं आणि माझ्या वरच्या कप्प्यात ठेवलं. "तीन आठवडे सांभाळ रे बाबा," म्हणाल्या. कितीतरी वर्षांनी मला कोणी काम सांगितलं होतं. मी इतका खूश झालो की घरघर जरा जोरातच केली.

दहाव्या दिवशी मावशी रोपं पोचवायला बाहेर गेल्या आणि त्यांच्या भाच्याला सेवेची हुक्की आली. मिशा आल्या, नोकरी लागली, पण विचारून काही करणं त्याच्या पत्रिकेत नाही. त्याने मेकॅनिक बोलावून माझा थंडी कमी-जास्त करणारा जुना भाग काढला आणि नवा बसवला. संध्याकाळी माझ्यात बर्फ झाला! खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो. त्या भरात डब्याचा मला साफ विसर पडला.

सकाळी मावशींनी दार उघडलं. डब्याच्या कडेला हिम धरलं होतं.

"मावशी, बघ, बर्फ होतोय," भाचा म्हणाला.

"मेल्या, मला बर्फ नको होता, थंडी हवी होती. ओलं बी गोठलं की मरतं." एवढं बोलून त्या खताच्या पोत्यावर बसल्या. भाच्याचा चेहरा पडला. माझी तर मान वर करायची सोय नव्हती.

मेकॅनिकला परत बोलावलं. त्याने बटण एकवर आणलं तरी बर्फ होतच राहिला. शेवटी त्याने पिशवीतून माझा जुना भाग काढला. "चांगला चाललेला फ्रीज बिघडवून द्या, असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. मित्रांनो, बर्फ गेला आणि मला हायसं वाटलं.

उरलेले दिवस मी डोळ्यांत तेल घालून डबा राखला. मग मावशींनी बी ट्रेमध्ये पेरलं. आठवडा गेला, दुसराही सरत आला. भाचा रोज ट्रेपाशी घुटमळायचा. चौदाव्या दिवशी त्यानेच हाक मारली.

"मावशी, इकडे ये. चष्मा लावून ये."

सतरा कोंब होते. कडेचं बी गेलं, मधलं वाचलं होतं. मावशींनी दोनदा मोजले, मग येऊन माझ्या दारावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. पुढे फुलं आली तेव्हा पहिला निळा तुरा माझ्या डोक्यावर पेल्यात उभा राहिला. नव्या फ्रीजच्या डोक्यावर अजून वर्तमानपत्रांची रद्दीच असते.

यंदा माझ्यात सहा डबे आहेत, त्यातले दोन शेजाऱ्यांचे. तेव्हा मित्रांनो, एखाद्या म्हाताऱ्याला दुरुस्त करायला निघालात, तर आधी त्याला काय जमतं ते विचारा. आणि दार जरा हळू लावा. आत मंडळी झोपली आहेत.