जाऊन राहिली

"घनश्यामले सांगजा, माय जाऊन राहिली म्हणा," वसतिगृहाच्या फाटकाशी उभा असलेला माणूस म्हणाला. मागे रस्त्यावर तांदळाच्या पोत्यांचा ट्रक हॉर्न वाजवत होता.

"बरं," मी म्हणालो.

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग "एकोडीच्या भोजराजनं सांगतलं म्हणा," एवढं बोलून ट्रककडे पळाला. अशा निरोपावर कुणी 'बरं' म्हणत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

साल १९७८. मी मॉरिशसहून नागपूरला मराठीत एम. ए. करायला आलो होतो. पणजोबा रत्नागिरीकडून तिकडे उसाच्या मळ्यात राबायला गेले होते. आमच्या घरी बोलणं क्रिओलमध्ये, मराठी देवापुढे आणि पुस्तकात. पण म्हणी आणि वाक्प्रचार मला वहीभर पाठ होते, आणि त्याचा तोरा फार. 'दर बारा कोसांवर भाषा बदलते' हीसुद्धा त्याच वहीत होती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

घनश्याम माझ्याच खोलीत राहायचा. माझ्याशी तो जपून, छापल्यासारखं बोलायचा. गावाकडचं कुणी भेटलं की त्याचं बोलणं पार बदलायचं, आणि मी जवळ गेलो की तो गप्प व्हायचा. "आमची बोली नको शिकूस," म्हणायचा, "पेपरात मार्क जातील." बाकीची मुलं माझ्याशी हिंदीत बोलायची.

दिवाळीत तो मला साकोलीजवळ त्याच्या गावी, एकोडीला घेऊन गेला होता. त्याच्या आईने, सत्यभामाबाईंनी, समोर बसून मला जेवायला वाढलं. "तुमच्या मुलकात धान होते का, बाबू?" त्यांनी विचारलं. घनश्याम लगेच भाषांतर करायला पुढे सरसावला, तर त्याला म्हणाल्या, "तू चूप बस. त्याले समजते." मला समजलं होतंच. घर सोडल्यापासून मी तसा पोटभर जेवलो नव्हतो.

तर त्या संध्याकाळी घनश्याम वाचनालयातून आला आणि मी भोजराजचा निरोप शुद्ध करून त्याच्या हवाली केला. नुसतं 'आई गेली' म्हणणं अशुभ, हे वहीमुळे मला ठाऊक होतं. म्हणून एक शब्द पदरचा घातला.

"तुझी आई गावाला गेली आहे, तिथेच राहिली आहे."

"अक्काकडे गेली असेल, आंबागडला," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. "म्हणजे ताप उतरला तिचा." शनिवारी तो घरी जाणार होता, ते त्याने पुढच्या आठवड्यावर ढकललं. पेपर तोंडावर आला होता.

तिसऱ्या दिवशी घरून तार आली, आई वारल्याची.

मीही त्याच्याबरोबर निघालो. बसमध्ये त्याने एकदाच विचारलं, "अक्काकडे होती ना ती? मग घरी कधी आली?" लाखनीला बस थांबली, काही लोक चहाला उतरले. बस हलू लागली तशी पुढच्या बाकावरची बाई खिडकीतून नवऱ्याला म्हणाली, "अजी, बस जाऊन राहिली, या ना लवकर."

बस गेली नव्हती. राहिलीही नव्हती. ती जात होती.

भोजराज निरोप घेऊन आला तेव्हा घनश्यामची आईसुद्धा अजून जात होती. पुढचा सगळा रस्ता मला एका जागी बसवेना. बोलायला तोंड उघडायचो आणि पुन्हा मिटायचो. घनश्यामने उलट मलाच विचारलं, "बरं वाटत नाही का?"

आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्याचे वडील टेकचंदजी अंगणात बसले होते. त्यांनी मुलाला जवळ घेतलं नाही.

"भोजराज सांगून आला होता, माय जाऊन राहिली म्हणून," ते म्हणाले. "दोन दिवस दाराकडं पाहत होती ते. काहून नाही आला?"

घनश्यामने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. त्याला सगळं कळलं होतं.

"चूक माझी..." मी सुरुवात केली. त्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"पेपर होता, बाबा," तो म्हणाला.

टेकचंदजी उठले आणि आत गेले.

नंतर आम्ही दोघं तलावाच्या पाळीवर जाऊन बसलो. मला रडू आवरत नव्हतं. "मी सांगतो त्यांना," मी म्हणालो.

"नको सांगू. मायनं तुले आपल्या हातानं जेवू घातलं. त्या घरात तुले कोणी बोल लावन, ते मले नाही पायजे." मग त्याने एक खडा उचलून पाण्यात टाकला. "अन् बोली तुह्यापासून लपवली कोणं? मीनंच ना? मले लाज वाटे तिची."

माझ्याशी तो पहिल्यांदाच असं बोलत होता. आणि त्याने 'नको सांगू' म्हटल्यावर मला हायसं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

पुढे मी मॉरिशसला परत आलो, मराठीचा मास्तर झालो. घनश्याम शेती बघू लागला. बापलेकांचं बोलणं कामापुरतं उरल्याचं त्याच्या पत्रांतून कळायचं. मी कधी तो विषय काढला नाही. भित्रा माणूस, दुसरं काय.

१९८६च्या पावसाळ्यात त्याचं पत्र आलं. एरवी तो पत्रं शुद्ध मराठीत लिहायचा. हे तसं नव्हतं, आणि तीनच ओळींचं होतं.

'बाबा जाऊन राहिले. पेपरची गोष्ट त्याईच्या मनातून अजून गेली नाही. तू म्हणशीन तं आता खरं सांगतो.'

पाकिटावरचा शिक्का अठरा दिवसांपूर्वीचा होता. जाणारा माणूस अठरा दिवसांत कुठे पोचतो, हे मला समजत होतं. तरी वर्ग तसाच सोडून मी पोस्टात गेलो आणि तारेच्या कागदावर एकोडीचा पत्ता घातला. खाली रोमन अक्षरांत एकच शब्द लिहिला, 'सांगजो'.

कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला. "ही कुठली भाषा?" त्याने विचारलं.

"मराठी," मी म्हणालो.