शंभरपर्यंत मोजायचं

आमच्या घरात एक नियम होता. पोर मशीनवरून पडलं तर धावत जायचं नाही, शंभरपर्यंत मोजायचं. तोवर ते आपलं आपण उठतं. नाहीच उठलं, तर मग जायचं. नियम बाबांचा आणि मशीन म्हणजे एटीव्ही, चार जाड चाकांची, खाचखळग्यांत चालवायची बाइक. भाड्यानं त्या चालवायला देण्याचा ट्रॅक आधी बाबांचा होता, आता दादाचा आहे. बिघडलेल्या मशीन माझ्याकडे येतात, कारण मी मेकॅनिक. माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, त्यामुळे वरच्या फळीवरचा दोन हातांनी उचलायचा जड पाना काढायला मला स्टूल लागतं. हात का जात नाही, ते घरात सगळ्यांना पाठ आहे. चुकीचं पाठ आहे, एवढंच.

शनिवारी दुपारी दादा लाकडाचे दोन ठोकळे घेऊन शेडमध्ये आला. लहान पोरांचे पाय पोचत नाहीत, म्हणून पाय टेकायच्या पट्टीवर आम्ही ठोकळे बसवतो. हीही बाबांचीच अक्कल.

"हे लाव. उद्या पोरांचा ट्रॅक सुरू होतोय. पहिली फेरी भिंगरीची."

भिंगरी म्हणजे त्याची मुलगी. वय सहा, वजन एकवीस किलो, एका जागी ठरेल तर शपथ.

"नाही लावणार," मी म्हटलं.

"का?"

"तिचे पाय पोचत नाहीत."

"म्हणून तर ठोकळे."

"दादा, पाय पोचत नाहीत म्हणजे ती लहान आहे. घरात लाकूड कमी पडलंय असं नाही."

तो हसला. मला समजावायचं ठरवलं की तो आधी हसतो. "वेगाचा स्क्रू मी पार आत फिरवलाय. माणूस चालतो त्या वेगानं जाईल. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

"वेग कमी केलास. आता वजन कमी कर बघू. नव्वद किलोची मशीन आहे. वळणावर अंग झोकून ती सांभाळावी लागते. एकवीस किलोचं पोर काय झोकणार?"

"तू सातव्या वर्षी चालवायचीस. काय झालं तुला? चांगली ठणठणीत आहेस."

मी स्टूलवर चढले, वरचा पाना काढला, खाली उतरले. त्याच्या काही लक्षात आलं नाही. ठोकळे त्यानं स्वतःच बसवले आणि दोन स्क्रू तिरके गेले. मी ते बघत बसले. माझं डोकं फिरलं होतं, पण तोंड उघडलं नाही. तीस वर्षांची सवय एका दुपारी सुटत नाही.

रविवारी सकाळी वीसेक आईबाप आले. फाटकावर पाटी होती, 'वय वर्षे पाच व पुढे'. भिंगरी मशीनवर बसली होती आणि हेल्मेट तिच्या डोक्यावर उलट्या पातेल्यासारखं हलत होतं. वहिनी त्याचा पट्टा आवळत होती. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एका बापानं विचारलं, पोरं पडली तर?

दादानं माइक तोंडाशी धरला. आता काय येणार ते मला ठाऊक होतं.

"ती बघा माझी बहीण. सात वर्षांची असताना मशीन उलटून अंगावर पडली. आमचे बाबा शंभरपर्यंत मोजत होते. शंभर झाले, तरी ही रडली नाही. टिपूस नाही डोळ्यांत. अशी घडतात पोरं."

लोक माझ्याकडे कौतुकानं बघायला लागले. दोघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. ही गोष्ट मी माझ्या लग्नात ऐकली, बाबांच्या दहाव्याला ऐकली, आणि दर वेळी मूग गिळून बसले. वाघीण म्हणवून घ्यायला मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण समोर भिंगरी होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

मी हात पुसले आणि मशीनच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले.

"मी रडले नाही, कारण रडायला श्वास लागतो," मी म्हटलं. "मशीन छातीवर होती."

दादानं माइक खाली केला. "घरचं घरात बोलू."

"घरात तीस वर्षं तूच बोलतोयस. आता श्वास सोड. सगळा सोड. आणि मी सांगेपर्यंत घेऊ नकोस. मी मोजते."

"वेडी झालीस का?"

"चांगला दांडगा गडी आहेस. मी सात वर्षांची होते."

वीस माणसं बघत होती. दादाला माघार घेणं कधी जमलेलं नाही. त्यानं फुस्सकन श्वास सोडला आणि ओठ आवळले. मी बाबांच्या चालीवर मोजू लागले, सावकाश, एकेक आकडा सुटा. वीसला त्याची मान लाल झाली. एकतीसला त्यानं आ वासून हवा घेतली आणि गुडघ्यांवर हात टेकले.

"झालं समाधान?" तो धापा टाकत म्हणाला.

मी मोजतच राहिले. बत्तीस. तेहेतीस. बासष्टला मी सांगितलं, "इथपर्यंत बाबांचा आवाज मला येत होता. तू त्यांच्या शेजारी उभा राहून मोजत होतास, तोही येत होता. पुढचं मला माहीत नाही." आणि पुढे मोजू लागले. सत्तरच्या आसपास त्या विचारणाऱ्या बापानं आपल्या पोराचं हेल्मेट काढून घेतलं. पंचाऐंशीला वहिनीनं भिंगरीला उचलून खाली ठेवलं, दादाकडे न बघता. दादा खालीच बघत होता आणि त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शंभर म्हटलं तेव्हा मशीनवर कोणी नव्हतं.

"आधी का नाही सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही मोजत होतात."

मी खाली बसून तिरके गेलेले स्क्रू काढायला घेतले. भिंगरी नाक फुगवून शेजारी उभी राहिली. ती माझ्यावर चिडली होती आणि तिचं बरोबर होतं.

"मग मी कधी चालवायची, आत्या?"

"पाय पोचले की."

दुसरा ठोकळा निघेना. दादा आला, शेजारी बसला आणि त्यानं तो घट्ट धरून ठेवला.