मध्येच थांबलेला हात

संग्रहालयात तिला सगळे भिंगवाली म्हणायचे. ही भाजीसुद्धा भिंग लावून निवडते, अशी नवरा तिची थट्टा करायचा. जुनी चित्रं तपासायची, खरी कोणती आणि नक्कल कोणती ते सांगायचं, हे तिचं काम.

शेकडो वर्षांपूर्वीच्या एका नामांकित चित्रकाराची तीन चित्रं तिथल्या भिंतीवर होती. एक दिवस एक विधवा बाई चौथं घेऊन आली. फळ सोलणारी म्हातारी. "सासरच्या घरात पहिल्यापासून आहे. खरं आहे का, एवढंच सांगा," ती म्हणाली.

भिंगवालीनं बाजूनं दिवा लावला, भिंगाखाली फोटो काढले. कॉलरची पांढरी कड एका दमात ओढलेली. कुंचला उचलला तिथं रंगाची केसाएवढी शेपटी. असा निर्धास्त हात तिनं आजवर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संचालकांनी ते चित्र मोठ्या फोटोंसाठी बाहेर पाठवलं. "पंधरा दिवसांत येईल."

तोवर तिनं भिंतीवरची तिन्ही चित्रं तुलनेसाठी उतरवून घेतली. तिन्हींत कॉलरची कड मध्येच थांबली होती. रंग तिथं साचला होता, मग पुढे सरकला होता. समोरच्या चित्राकडे बघत बघत नक्कल करणाऱ्याचा हात थांबतो, तसा.

ती तडक मामाकडे गेली. तिच्या आधी त्या जागेवर मामाच होता. काम त्यानंच शिकवलेलं.

"मामा, तिन्ही नकला आहेत."

मामानं आधी खिडकी लावली. "वीस वर्षांपूर्वी साफसफाईला म्हणून बाहेर गेली. परत आली ती ही."

"तुला माहीत होतं?"

"मला आणि कामातल्या माझ्या जोडीदाराला. त्यानं तसं लिहून दिलं. आठवड्यात जिन्यावरून पडून गेला. मी गप्प बसलो. तूही बस."

पंधराव्या दिवशी चित्र आलं. तीच म्हातारी, तेच फळ, तीच जुनी चौकट. तिनं दिवा लावला. कॉलरची कड मध्येच थांबली होती.

"काय, आता चारही जुळतात ना?" मागून संचालकांचा आवाज आला. ते केव्हा येऊन उभे राहिले, तिला कळलंच नव्हतं.

"जुळतात," ती म्हणाली.

अहवालात तिनं तेच लिहिलं : चारही एकाच हाताची आहेत, आणि तो हात त्या चित्रकाराचा नाही. सोबत पहिल्या दिवसाचे फोटो जोडले आणि पाकीट विधवा बाईच्या हातात नेऊन दिलं.

बाई पोलिसांत गेली. भिंत रिकामी झाली, पण मूळ चित्रं काही सापडली नाहीत. चौकशी रेंगाळली आहे. संचालक अजून त्याच खुर्चीत आहेत. मामा आता दार उघडत नाही.

परवा संचालक तिच्या टेबलाशी थांबले. "मुलगी तीनला सुटते ना शाळेतून?" अगदी आपुलकीनं विचारलं त्यांनी.

ही वेळ तिनं ऑफिसात कुणालाच सांगितलेली नव्हती. तेव्हापासून ती अडीचलाच शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहते.