खालच्या पानांची शिदोरी

शाळू पोटरीत आला, म्हणजे कणीस अजून ताटाच्या पोटात असताना, की जतकडं एक काम ठरलेलं: खालची हिरवी पानं ओरबाडायची आणि शेळ्यांपुढं टाकायची. धम्मपालचा हात तर असा चाले की बघणाऱ्याला ताटं सोललेली वाटावीत. पण त्या वर्षी, सत्त्याण्णवच्या डिसेंबरात, त्याची नववीतली पोरगी दीक्षा दप्तरासकट त्याच्या पुढ्यात आडवी उभी राहिली.

"आबा, आता मुळं जमिनीतनं लय काय वढणार न्हाईत. दाणा भरताना ताट खालच्या पानांतलं नत्र काढून वर धाडतं. म्हणून तर ती पिवळी पडत्यात. तुमी कणसाची शिदोरीच पळवताय."

"पोटरीत शिदोरी व्हय?" बायडाआत्या पाल्याचा भारा बांधता बांधता म्हणाली. "माझ्या पोटऱ्यांत तर नुसतं गोळं येत्यात."

धम्मपाल हसला, पण पोरीची नजर हलेना. "बरं, पाच ओळी सोडतो. दाणा जास्ती भरला तर फुडच्या साली तू म्हणशील तसं. न्हाई भरला तर शाळंतलं शाळंत ठिवायचं. रानात तोंड उघडायचं न्हाई."

"चालंल. बांधाकडच्या पाच सोडा," म्हणून दीक्षा शाळेला पळाली.

संध्याकाळी येऊन बघते तर काय, बांध चुकलेला! तिचा बांध रस्त्याकडचा, काळ्या मातीचा. धम्मपालचा बांध म्हणजे तो चपला काढतो तो, पल्याडचा. तिथं नुसता मुरूम. बाकीचा सगळा पाला कधीच शेळ्यांच्या पोटात गेला होता.

फेब्रुवारीत काढणीला आत्यानं दोन्ही बांधांकडची कणसं हातात धरली. "बग की, शिदोरीवाली बारकी."

दीक्षाचे कान तापले. क्षणभर वाटलं, संपलं. मग डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काळ्या रानाशी कशाला तोलता? शेजारच्या सोललेल्या ओळींशी तोला. मुरूम दोघींच्या पायाखाली सारखाच हाय."

धम्मपालला ते पटलं. न निवडता, दर तिसऱ्या ताटाचं एक, अशी दोन्हीकडची वीस-वीस कणसं घेतली. वाण्याचा तराजू आणला. शिदोरीवालं पारडं खाली गेलं.

"भुसकाट असंल," आत्या म्हणाली.

कणसं वेगवेगळी बडवली, पाखडली. नुसता दाणा पारड्यांत गेला. पारडं परत खाली! धम्मपालनं दुसरीकडं शंभर ग्रॅमचं माप टाकलं, तरी काटा सरळ होईना. त्यावर पन्नासाचं टाकलं, तेव्हा झाला.

दीक्षाच्या पायांना नाचायचं होतं. तिनं ते कसेबसे जमिनीवर ठेवले.

धम्मपालनं दाणे ओंजळीत घेऊन चोळले, एक दाताखाली फोडला. "असल्या मुरमात," तो स्वतःशीच म्हणाला. मग, "आन शेळ्या?"

"वाळल्याली पानं खातील, पण त्यात कस न्हाई ऱ्हात," दीक्षानं खरं ते सांगितलं. "त्यांच्यासाठी चार ओळी दाट पेरू. त्या खुशाल ओरबाडा."

आत्यानं भावाकडं बघितलं. भाऊ तराजूकडं बघत होता.

"पेरणीला शाळा बुडवायची न्हाई," तो म्हणाला. "सकाळी लवकर यायचं, कुठली ओळ शेळ्यांची, कुठली कणसाची ते दावायचं, मग जायाचं."