शनिवारच्या बातम्या

निशिगंधा पाटणकर सातवीला समाजशास्त्र शिकवायची. नवरा, अविनाश, चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत मेजर होता. बदली होईल तिथल्या शाळेत ती नोकरी धरायची. चंदीगडच्या या शाळेत मुलं पुस्तकातली उत्तरं घडाघडा म्हणत, पण आपल्या नळाला पाणी कुठून येतं हे एकालाही सांगता येईना. म्हणून तिनं घरचा टेपरेकॉर्डर वर्गात आणला. दर शनिवारी मुलं स्वतःच्या बातम्या टेप करू लागली. अट एकच, पेपरातलं उतरवायचं नाही. स्वतः पाहिलेलं, नाहीतर स्वतः जाऊन विचारलेलंच सांगायचं.

मुलं झपाटून कामाला लागली. कुणी पाण्याच्या टाकीवरच्या माणसाला गाठलं, कुणी सुखना तलावाचा गाळ काढणाऱ्यांशी बोललं. बातम्या वाचायची हरलीन. एरवी ती बोलताना अडखळायची, पण माईक हातात आला की आवाज सरळ निघायचा. तिचे वडील प्रीतम सिंग रोज बसनं रोपडच्या कॉलेजात शिकवायला जात. एकदा मुद्दाम शाळेत येऊन म्हणाले, "मॅडमजी, आमची हरलीन आता घरी फोन उचलते. पूर्वी वाजला की पळायची."

अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांची बस खलिस्तानी बंदूकवाल्यांनी अडवली. शिखांना उतरून जायला सांगितलं, हिंदूंना बसवून ठेवलं. प्रीतम सिंग उतरले नाहीत. "यांनाही सोडा," म्हणत दारात उभे राहिले. पहिली गोळी त्यांनाच लागली.

कर्फ्यू उठला, शाळा उघडली. शनिवारी हरलीन टेबलाजवळ आली.

"मॅडम, आजच्या बातम्या मी वाचते."

"आज नको, बेटा. आज राहू दे."

"मी हॉस्पिटलात जाऊन आलेय. बसच्या कंडक्टर अंकलना स्वतः विचारलंय."

निशिगंधानं बटण दाबलं.

हरलीननं वाचलं. बस कुठून निघाली, कुठे थांबवली, आत माणसं किती होती. शब्द न् शब्द स्पष्ट. "एक सरदारजी खाली उतरले नाहीत. ते म्हणाले, आधी मला मारा. त्यांचं नाव प्री... प्री..." ती थांबली. पुन्हा म्हणून पाहिलं, पुन्हा. टेप संपून बटण खटकन वर आलं, तरी तिचे ओठ हलतच होते.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी कॅसेट मागून घेतली. "दिवस कसले आहेत, कळतं ना तुम्हाला? हे बंद करा."

महिनाभरानं हरलीनची आई शाळेतून तिचं नाव काढायला आली. दोघी पतियाळ्याला, मामाकडे निघाल्या होत्या. निशिगंधा धावत फाटकापर्यंत गेली.

"नव्या शाळेत बोलशील ना गं?" तिनं विचारलं.

हरलीन खाली बघत राहिली. आईच म्हणाली, "त्या शनिवारपासून घरातही बोलत नाही, जी. नुसती मान हलवते."

"मी तिला वाचू द्यायला नको होतं," निशिगंधा कशीबशी म्हणाली.

आईनं डोळे पुसले. "काय ठाऊक, जी. तिलाच वाचायचं होतं."

हरलीननं एकदम निशिगंधाच्या कमरेला मिठी मारली. वर पाहिलं, तोंड उघडलं. निशिगंधा तिच्याकडे वाकली. रिक्षावाला घंटी वाजवत होता. शेवटी आईनं हलकेच तिचे हात सोडवले आणि तिला रिक्षात बसवलं.