व्हर्नन सापडतो

"हेही चाखून बघा, जरा तिखट आहे," बाजारातल्या चीजवाल्या बाईने सुरीच्या टोकावर पातळ काप पुढे केला. ग्लेनिसने तो जिभेवर ठेवला आणि "व्हर्नन, घेऊया का रे हे?" म्हणत मागे वळली. मागे व्हर्नन नव्हता.

त्याच्या विसरण्याला डॉक्टरांनी गेल्या हिवाळ्यात नाव दिलं होतं. "आई, आता बाबांना घेऊन हिंडू नकोस," मुलीने बजावलं होतं. ग्लेनिसने ऐकलं नाही. जमतंय तोवर तीन दिवस लडलो गावात काढू, एवढंच तिच्या मनात होतं.

"उंच आहेत, टक्कल आहे, निळा कोट," तिने चीजवालीला सांगितलं. "त्यांचा फोन खोलीवरच राहिलाय."

"घाबरू नका. किल्ल्याच्या बाजूला मी बघते. तुम्ही उतारानं खाली जा, नदीकडे."

नदी म्हणताच ग्लेनिस वळलीसुद्धा. दुखऱ्या कमरेवर हात दाबून ती ब्रॉड स्ट्रीटचा उतार उतरू लागली. चहाच्या दुकानात विचारलं, कुत्रं फिरवणाऱ्या माणसाला विचारलं. कुणी पाहिलं नव्हतं. खालून हॉर्नचा गलका ऐकू आला. वेशीपाशी गाड्या तुंबल्या होत्या, माणसं गोळा झाली होती. गाडीखाली कोणी आलं असणार, असं तिला वाटलं.

गर्दीत वाट काढून ती पुढे झाली. वेशीच्या अरुंद कमानीत पावाची व्हॅन तिरकी अडकली होती. तिच्या मागे, भर रस्त्यात, दोन्ही हात वर करून व्हर्नन उभा होता.

"माझ्याकडे बघ! भिंतीकडे बघत बसलास तर भिंतीवरच जाशील. डावीकडे घे. अजून. बास! आता सरळ मागे ये."

त्यांच्या गावच्या, डडलीच्या बस डेपोत चौतीस वर्षं हा आवाज घुमला होता. निम्म्या ड्रायव्हरांना गाडी मागे घ्यायला त्यानेच शिकवलं होतं. ग्लेनिसने तो आवाज कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तिने हाक मारली नाही.

दगडाला न घासता व्हॅन बाहेर आली. घामाघूम ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं. "उपकार झाले, साहेब. आज नोकरीच जायची माझी."

"नोकरी राहू दे, आधी श्वास घे," व्हर्नन म्हणाला. मग त्याला ग्लेनिस दिसली. "अगं, होतीस कुठे? केव्हाचा शोधतोय तुला!"

तिला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही. "चुकलंच माझं," ती म्हणाली.

चीजवाली धापा टाकत आली. "सापडले का?"

"मीच सापडले त्यांना," ग्लेनिसने डोळे पुसले.

दोघं चढ चढू लागली. गाड्या पुन्हा धावू लागल्या होत्या. व्हर्नन दुतर्फाची जुनी घरं न्याहाळत होता.

"छान आहे गं गाव. नाव काय याचं?"

"लडलो."

"लडलो," त्याने जपून म्हणून पाहिलं. मागून एक गाडी आली. तिचा हात धरून त्याने तिला भिंतीकडच्या बाजूला घेतलं, आणि रस्त्याकडच्या बाजूने स्वतः चालू लागला.